‘ठाण्यात बसून स्नो ब्लोअरचे सल्ले देऊ नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची कमेंट काल रात्री वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय, कारण स्नो ब्लोअर (दारापुढचा बर्फ उचलून लांब फेकणारी मशीन) बर्फाने चोक होण्यावरचा माझा तो लेख बाहेर राहणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींनी वाचलाय आणि तुम्ही लिहिलेली एक गोष्ट कोणी तशीच करून बघितली तर बोटं जातील.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ठाण्यात बर्फ फक्त रसवंतीत दिसतो, तिथे बसून अमेरिकेतल्या मिनेसोटावाल्यांना शिकवू नका. कुकिंग स्प्रे (तव्यावर मारतात तो तेलाचा फवारा) मारला तरी चूट (बर्फ बाहेर टाकणारं नळकांडं) लगेच भरली. मशीन आधी बाहेर थंड होऊ द्यायची हा सल्ला उलटा आहे, गॅरेजमधली गरम मशीन काढली की बर्फ वितळून सुटतो. आणि चोक झालंच तर इंजिन बंद करून हाताने काढायचं, इतकी वर्षं असंच करतोय, काही होत नाही.

शेवटच्यापासून सुरू करतो. ओला बर्फ इम्पेलरमध्ये (बर्फ चूटमधून बाहेर फेकणारं पात्यांचं चाक) गच्च बसला की इंजिन ते चाक फिरवायला बघतं आणि चाक जागचं हलत नाही, या ओढाताणीत बेल्ट नि शाफ्टमध्ये ताण भरतो, आणि इंजिन बंद केलं म्हणजे तो गेलाच असं नाही. तुम्ही बोटाने तो गोळा मोकळा केला की पातं झटक्यात फिरतं. थोडंसंच फिरतं, पण बोटाला तेवढं पुरतं. जाड हातमोज्याने काही वाचत नाही. अमेरिकेतली हाताच्या सर्जन लोकांची संघटना, अमेरिकन सोसायटी फॉर सर्जरी ऑफ द हँड, हेच बजावते की मशीन बंद केल्यावरसुद्धा या झटक्यापासून सांभाळा. म्हणून इंजिन बंद, चावी बाहेर, सगळं फिरायचं थांबेपर्यंत थांबायचं आणि मग काठीने काढायचं. नव्या बऱ्याच मशीनवर त्यासाठी प्लॅस्टिकचा छोटा फावडीसारखा दांडा क्लिपला लावूनच येतो, तो हरवला असेल तर झाडूचा दांडा घ्या. हात नाही म्हणजे नाही, यावर मी वाद घालणार नाही.

आता ठाण्याचं. माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात मेंटेनन्समध्ये गेली, हॉपर, कन्व्हेयर, चूट हेच काम. जून लागला की पावडर दमट व्हायची आणि चूट चोक. मग कोणीतरी घण घेऊन बाहेरून ठोकायचं, पत्र्याला आतून उंचवटे यायचे आणि पुढच्या वेळी माल नेमका त्या उंचवट्यांवर धरायचा. शेवटी गुळगुळीत प्लॅस्टिकचं लायनर लावलं तेव्हा कुठे माल घसरायला लागला. बर्फ काय नि पावडर काय, ओलं काहीही खरबरीत पत्र्याला धरतंच. बाकी स्नो ब्लोअर मुलाकडे कॅनडात मिसिसागाला असताना स्वतः चालवलाय, त्याच्या ड्राइव्हवेवर (घरासमोर गाडी लावायची वाट).

गरम मशीनचं घ्या. पत्रा शून्याच्या वर असला की पहिला बर्फ त्याला लागून वितळतो हे बरोबर, पण पुढे काय होतं ते बघा ना. मागून सतत गार बर्फ येतोय, त्याने पत्राही गार पडतो, मग तो पाण्याचा थर तिथेच गोठतो आणि पुढचा बर्फ त्याला चिकटायला लागतो. चूटच्या वळणावर हात लावून बघा (मशीन बंद असताना, आणि बाहेरूनच), हा कडक थर तिथेच जास्त असतो. गॅरेजमध्ये इंजिन पटकन चालू होतं, तेवढा फायदा खरा. पण मशीन बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा आणि पत्रा बाहेरच्या हवेइतका गार झाला की मगच बर्फात घाला.

स्प्रेबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. कुकिंग स्प्रे घाईच्या वेळेला ठीक, पण टिकत नाही, बर्फाबरोबर घासून जातो. ओल्या पत्र्यावर मारला तर धरतच नाही. सिलिकॉन स्प्रे बरा. त्याहून बरं म्हणजे सीझनच्या आधी चूट नि इम्पेलरचं हाऊसिंग कोरडं करून, गंज असेल तिथे पॉलिश पेपर मारून, रंग लावून, वर गाडीचं पेस्ट वॅक्स घासायचं. खडीने ओरखडे पडलेत का तेही तेव्हाच बघून घ्या. एक मात्र सांभाळा, स्प्रे बेल्टवर किंवा चाकं चालवणाऱ्या फ्रिक्शन डिस्कवर उडू देऊ नका, नाहीतर मशीन पुढेच जाणार नाही.

पण खरं सांगू का, वॅक्सपेक्षाही जास्त फरक थ्रॉटलने (इंजिनाचा वेग कमी-जास्त करायची सोय) पडतो आणि त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. बऱ्याच मशीनवर थ्रॉटलच्या लिव्हरशेजारी ससा आणि कासवाचं चित्र असतं. ओला बर्फ असला की लोक घाबरून लिव्हर कासवाकडे नेतात आणि तिथेच चोक होतं, कारण इम्पेलरचा वेग पडला की बर्फ चूटच्या वरपर्यंत पोचतच नाही, मध्येच बसतो आणि मागचा येऊन त्याला दाबतो. लिव्हर कायम सशावर ठेवायची. हळू करायचं ते चालणं, म्हणजे पहिला गिअर, आणि पूर्ण रुंदी न घेता अर्ध्याच रुंदीत बर्फ घ्यायचा. ड्राइव्हवेच्या तोंडाशी पालिकेचा प्लाऊ (रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी) जो ढीग टाकून जातो, मीठ लागलेला, दाबलेला, तिथे तर हे पाळाच. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला पन्नास-शंभर किलो भरतो, ओला कित्येक पटीने जड, मशीन तीच. म्हणूनच दुपारी ऊन पडून पाणी सुटायच्या आत, सकाळी गार असतानाच काढून टाकलेला बरा.

काम झालं की लगेच बंद करू नका, मिनिटभर रिकामी चालवा, आतला बर्फ उडून जाऊ दे, चूट दोन्ही बाजूंना फिरवून घ्या. आत राहिलेलं रात्रीत गोठतं आणि दुसऱ्या दिवशी ऑगर (पुढचा बर्फ आत ओढणारा स्क्रू) जॅम, मग त्याला शाफ्टशी जोडणारी शिअर पिन तुटते. ती तुटण्यासाठीच असते, तिच्या जागी हार्डवेअरमधला कडक बोल्ट घालू नका, पुढचा झटका गिअरबॉक्स खातो.

एवढं करूनही चोक होत असेल तर तुमची मशीन सिंगल स्टेज आहे की टू स्टेज ते कळवा. सिंगल स्टेजमध्ये ऑगरच बर्फ फेकतो, वेगळा इम्पेलर नसतो, त्यामुळे गाळासारख्या बर्फात तिची ताकद कमीच पडते. टू स्टेज असेल तर इम्पेलरच्या पात्याच्या टोकात आणि हाऊसिंगमध्ये किती फट आहे ते बघा, अर्थात स्पार्क प्लगची वायर काढून, आणि बॅटरीवरची असेल तर बॅटरी बाहेर काढून. फट मोठी असेल तर पात्यांना बोल्टने लावायच्या रबरी पट्ट्यांचं किट मिळतं, फट बुजली की पातळ चिखलासारखा बर्फही बाहेर फेकला जातो. फोटो टाकलात तर मी बघून सांगतो.