नोटेवरचा ठिपका दिसायचा, पत्त्यातलं अक्षर दिसलं नाही

माझे बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले. बाहेरगावच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते, आमच्याकडे 'प्रेस' म्हटलं की नोटांचा छापखाना. १९२८ पासून इथे नोटा छापल्या जातात. बाबांची बरीचशी नोकरी तपासणीत गेली. छापून आलेलं शीट समोर धरायचं, रेघ तुटलीये का, शाई पसरलीये का, नंबर सरकलाय का ते बघायचं आणि खराब निघालं की बाजूला काढायचं. घरातसुद्धा लग्नपत्रिका हातात आली की त्यांची नजर आधी छपाईच्या चुकीवर जायची, मग नवरानवरीच्या नावावर.

मागच्या नोव्हेंबरात याच बाबांच्या खात्यातून ३८ हजार ५०० रुपये गेले.

मेसेज आला होता, "आपला हयातीचा दाखला मिळालेला नाही. आज संध्याकाळपर्यंत न भरल्यास पेन्शन थांबेल." नोव्हेंबर हा दाखल्याचाच महिना, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. खाली लिंक होती. उघडलेलं पान हुबेहूब बँकेचं. तोच रंग, तेच बोधचिन्ह, खाली टोल फ्री नंबरही तोच. आणि हे मला मुद्दाम सांगायचंय की बाबांनी वरचा पत्ता बघितला होता. चष्मा लावून, बँकेचं नाव वाचून, मगच पासवर्ड टाकला. मग ओटीपी आला, तोही टाकला.

नंतर घरी जो येईल तो एकच बोलत होता. "शिकलेला माणूस असून असं कसं केलं?" "आंधळेपणाने लिंका दाबायच्या नसतात काका." बाबा मान खाली घालून ऐकत होते. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो, म्हणून हे लिहितेय.

त्या रात्री मी त्यांचा फोन घेऊन बसले. मी चौदा वर्षं वेबसाइट बनवायचं काम करते. पत्ता तीनदा वाचला, मला काही सापडेना. शेवटी तो कॉपी करून दुसरीकडे चिकटवला, अक्षरं भलीमोठी केली, तेव्हा दिसलं. बँकेच्या नावात इंग्रजी एम आहे. त्या एमच्या जागी आर आणि एन ही दोन अक्षरं खेटून बसवली होती. फोनच्या बारीक अक्षरात ती दोन मिळून एमच दिसतात.

मराठीत सांगायचं तर किराणाच्या यादीतला 'रवा' घाईत 'खा' वाचला जातो ना, तसंच. ध आणि घ, भ आणि म, हे घोळ आपण शाळेपासून करत आलोय. सराईत वाचणारा माणूस अक्षर अक्षर लावत बसत नाही, शब्द ओळखीचा दिसला की पुढे सरकतो. जितकं वाचन जास्त तितका हा वेग जास्त. बाबा फसले ते नीट वाचता येतं म्हणून.

आणि आर-एनची ही युक्ती तरी डोळे ताणले तर सापडते. याच्यापुढची सापडतच नाही. इंग्रजीचा छोटा 'ए' आणि रशियन लिपीतला 'अ' दिसायला अगदी एक. मोठं करा, भिंग लावा, फरक दिसणार नाही. २०१७ मध्ये एका संशोधकाने ॲपलच्या नावातली पाचही अक्षरं सिरिलिकमधली, म्हणजे याच रशियन लिपीतली घेऊन तसा पत्ता नोंदवून दाखवला होता. ब्राउझरमध्ये तो ॲपलचाच दिसत होता. त्यानंतर क्रोमने दुरुस्ती केली. अशा ठिकाणी पत्त्याच्या पट्टीत आता एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतात. तसलं काही दिसलं आणि आपण मुद्दाम दुसऱ्या लिपीतल्या पत्त्यावर गेलेलो नसलो, तर पान तिथेच बंद करायचं.

पण गंमत बघा, जे माणसाला दिसत नाही ते कॉम्प्युटरला आपोआप कळतं. त्याच्याकडे अक्षर म्हणजे आकडा. इंग्रजी 'ए' म्हणजे ९७, रशियन 'अ' म्हणजे १०७२. त्याला ती दोन अक्षरं एकसारखी वाटायचा प्रश्नच येत नाही. एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं कुठली, त्याची भलीमोठी यादी युनिकोडने, म्हणजे जगातल्या अक्षरांना हे आकडे ठरवून देणाऱ्या संस्थेने, केव्हाच करून ठेवलीये. पत्त्यातलं प्रत्येक अक्षर त्या यादीने मूळ रूपात आणायचं आणि ओळखीच्या बँकांच्या नावांशी ताडून बघायचं. नाव जुळतंय पण आकडे वेगळे, म्हणजे सोंग. एखादं अक्षर कमीजास्त असेल तर किती अक्षरं बदलली की खरं नाव मिळतं, तेही मोजता येतं. क्रोम अशी काही तपासणी करतो आणि संशय आला तर मध्येच थांबवून विचारतो. पासवर्ड सांभाळणारं ॲप तर आणखी साधं काम करतं. पत्त्यातलं मूळ नाव तंतोतंत तेच नसेल तर पासवर्ड आपोआप भरतच नाही. बाबांच्या फोनमध्ये ते ॲप असतं तर पासवर्डची चौकट रिकामी राहिली असती आणि त्यांनी मला फोन केला असता. ते मी आधीच त्यांच्या फोनमध्ये बसवून दिलं नाही, ही चूक माझी.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की हे काम सत्तरीच्या माणसाच्या नजरेवर टाकायचं नाही. बँकांनी करायचं. वेबसाइटला कुलूप लावणारं प्रमाणपत्र कुणी कुठल्या नावाने घेतलं, याच्या नोंदी जगात कुणालाही बघता येतात. आपल्या नावासारखं नाव आज कुणी घेतलंय का, हे बँकेला रोज तपासता येतं. तेवढी माणसं आणि मशिनं त्यांच्याकडे आहेत. उलट 'सावध रहा' असा मेसेज पाठवतात आणि दोन दिवसांनी स्वतःच ऑफरची लिंक पाठवतात. ग्राहकाने काय शिकायचं यातून? आणि पत्त्याशेजारचं ते कुलपाचं चिन्ह. "कुलूप दिसलं की सुरक्षित" हे आपणच घरोघरी सांगितलं. कुलूप म्हणजे वाटेत कुणी ऐकत नाही, इतकंच. पलीकडे चोर बसला असेल तर चोराशी खाजगीत बोलणं होतं. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं, चांगलं केलं.

एक गोष्ट मात्र खरंच चांगली झाली. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर यायला सांगितलं. हा शेवट बँकेशिवाय कुणालाही मिळत नाही. पण इथेही नीट बघायचं. 'बँक'च्या आधी टिंब पाहिजे. नावाला जोडून बँक लिहिलेलं किंवा मध्ये आडवी रेघ असलेलं 'डॉट इन' कुणीही विकत घेऊ शकतं.

पत्ता कसा वाचायचा ते मी बाबांना पाकिटावरून समजावलं. पहिली एकेरी तिरकी रेघ शोधायची आणि तिथून डावीकडे, उलटं वाचत यायचं. पाकिटावर गाव शेवटी असतं, तसंच. कोथरूडमधल्या बंगल्याला कुणी 'त्र्यंबकेश्वर' नाव दिलं म्हणून बंगला त्र्यंबकला येत नाही. पत्त्याच्या सुरुवातीला बँकेचं नाव कितीही ठळक असू दे, मालक शेवटाला कळतो.

हे सगळं आत्ता लिहायचं आणखी एक कारण म्हणजे २०२७ चा सिंहस्थ. देशभरातून माणसं नाशिक आणि त्र्यंबकला राहायची सोय शोधणार. प्रयागराजच्या कुंभाच्या वेळी खोट्या हॉटेल बुकिंगच्या वेबसाइटींबद्दल पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं होतं. 'नाशिक', 'कुंभ', 'धर्मशाळा' हे शब्द जोडून किती पत्ते निघतील, विचार करा. माझी कळकळीची विनंती आहे की बुकिंगचा एकच पत्ता ठरवावा, शेवटी 'गव्ह डॉट इन' असलेला, म्हणजे सरकारी, आणि तो आत्तापासून स्टेशनवर, बसस्टँडवर, रामकुंडावर मोठ्या अक्षरात लावावा.

बाबांच्या पैशांपैकी १२ हजार अडवले गेले, कारण आईने वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बाकीचे गेले. बाबा महिनाभर फोनला हात लावत नव्हते. मग एक दिवस वही घेऊन आले. "अगं, आपल्या बँकेचा खरा पत्ता यात लिही, मोठ्या अक्षरात." मी लिहिला. त्यांनी भिंग काढलं, उजवीकडून एकेक अक्षर लावलं आणि 'बँक'च्या आधीच्या टिंबाला लाल पेनने गोल केला.

आता त्यांनी जेलरोडच्या कट्ट्यावरच्या मित्रांनाही सांगून ठेवलंय. रविवारी सकाळी दहाला मी तिथे बसणार आहे. प्रेसच्या काकांनो, फोन घेऊन या. पासवर्डचं ॲप फोनमध्ये बसवून देते आणि ज्याच्या त्याच्या बँकेचा पत्ता वहीत लिहून देते. चष्मा विसरू नका.