माथेरानला घोड्यावाचून गत्यंतर नाही, हे खरे नाही

"दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली की सात-आठ किलोमीटर डोंगर चढावा लागतो, पावसाळ्यात मिनी ट्रेन बंद असते, घोडा किंवा हातरिक्षा केल्यावाचून गत्यंतर नाही, तेव्हा वडीलधाऱ्यांना माथेरानला नेऊ नका," असा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी तो वाचून बेत रद्द केला, म्हणून हे लिहितो.

माथेरानमध्ये वाहनबंदी असल्याने गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात; तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटरच आहे आणि वाट बहुतांशी झाडीतून, मंद चढाची आहे. गेल्या डिसेंबरात माझी बहात्तर वर्षांची आत्या, गुडघ्यांनी बेजार असूनही, रुळांच्या कडेकडेने दोनदा बसून विसावा घेत तासाभरात बाजारात पोहोचली. चपलेच्या पट्ट्यांत बसलेली लाल माती तिने हॉटेलच्या पायरीवर टेकून झटकली, तक्रार एवढीच. आमच्या पिशव्या हमालाने डोक्यावर आणल्या होत्या.

ट्रेनबाबतचे विधान अर्धवट आहे. १९०७ पासूनच्या या मार्गाचा नेरळ ते अमन लॉज हा घाटातला टप्पा पावसाळ्यात बंद ठेवतात हे खरे; परंतु अमन लॉज ते माथेरान ही शटल सेवा एरवी पावसाळ्यातही चालू असते, आणि अमन लॉज स्थानक दस्तुरीहून काही मिनिटांच्या चालीवर आहे.

घोडा किंवा हातरिक्षा हेच पर्याय, हेही आता कालबाह्य झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या, आणि माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत थांबवावी, असा आदेश त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. वाहनबंदीतून रुग्णवाहिकेला सूट आहे, तेव्हा आजारपणाची धास्तीही अनाठायी आहे.

अडचणी नाहीत असे मी म्हणणार नाही. शनिवार-रविवारी शटलच्या तिकिटाला आणि ई-रिक्षाला रांग लागते, आणि काही हॉटेले बाजारापासून बरीच आत आहेत. खोली ठरवतानाच ते अंतर विचारून घ्यावे. मात्र नाक्यावर कुणी "ट्रेन बंद आहे" म्हणाले, तर त्यावर विसंबू नये. पर्यटकांच्या अशाच दिशाभुलीविरुद्ध मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनी गाव बंद ठेवले होते. अमन लॉजच्या तिकीट खिडकीपर्यंत स्वतः जावे आणि पुढच्या गाडीची वेळ तिथेच विचारावी.