डोळ्याला मेगापिक्सेल लावू नका

‘माणसाचा डोळा म्हणजे ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा. समोरचं सगळं एकदम स्पष्ट टिपतो आणि जसंच्या तसं मेंदूला पाठवतो. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली की नजर शंभर टक्के.’ आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या ग्रुपवर हा मेसेज तीनदा आला. तिसऱ्यांदा तो आत्यानं पाठवला, म्हणून लिहितोय.

आधी ५७६. हा आकडा कुणी डोळ्यात मोजलेला नाही, तो गुणाकार आहे. दृश्य १२० अंश रुंद, १२० अंश उंच धरलं आणि अंशाच्या दोनशेव्या भागाला एक ठिपका. एका बाजूला २४,००० ठिपके, त्याचा वर्ग ५७ कोटी ६० लाख, म्हणजे ५७६ मेगापिक्सेल (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके). यात नजर सगळीकडे सारखीच तीक्ष्ण धरली आहे, आणि चूक तिथंच आहे. रंकाळ्यावर भेळेच्या एका गाडीच्या पाटीवर नजर खिळवा आणि बुबुळ न हलवता तिसऱ्या गाडीची पाटी वाचून बघा. जमत नाही. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्याच जागेत आपल्याला खरं बारीक दिसतं. बाकीचं डोळा फिरवत गोळा करतो.

‘जसंच्या तसं’ तर मुळीच नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा-बारा कोटी, मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम दहा-बारा लाख. त्यामुळे निवड डोळ्यातच होते. पडद्यातल्या पुढच्या पेशी मधला उजेड आणि भोवतालचा उजेड यांची तुलना करतात. शास्त्रज्ञ कुफ्लर यांनी १९५३ मध्ये हे मांजराच्या डोळ्यात दाखवलं. सपाट, एकसारख्या भिंतीवर या पेशी फारशा बोलत नाहीत. कड आली की जाग्या होतात. पुढे मेंदूत कुठली पेशी उभ्या कडेला, कुठली तिरप्या कडेला प्रतिसाद देते, हे ह्युबेल आणि विझेल यांनी शोधलं. त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. डोळा फरक पाहतो, ठिपके मोजत नाही.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात लागतो. डोळे तपासायच्या तक्त्यावर पांढऱ्यावर गडद काळी अक्षरं असतात. त्यातून बारीक किती दिसतं ते कळतं, फिकं किती दिसतं ते नाही. मोतीबिंदूच्या सुरुवातीला तक्त्यावर नजर ६/६, म्हणजे पूर्ण, असूनही फिक्या फरकाची जाण कमी होऊ शकते. आत्यानं शेवटची ओळ वाचली. “सगळं वाचलं की मी!” त्याच आठवड्यात संध्याकाळी पंचगंगा घाटावर ती पडली. काळ्या दगडावर काळा दगड. “पायरी कुठं संपत्या तेच कळंना बघ.” मग एकाच मापाची, पण फिकी होत जाणारी अक्षरं असलेला तक्ता तिला दाखवला (पेली-रॉबसन तक्ता, १९८८ पासून आहे). ती अर्ध्यावर थांबली. मोतीबिंदूच निघाला.

घरातल्या माणसांची नजर तपासताना हा तक्ता मागून घ्या. शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत आत्याच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला मी पांढरा पट्टा मारलाय. पायऱ्या त्याच, दिवाही तोच. काल ती कठडा न धरता खाली आली.