लिंबाची शाई परत लपत नाही
नेपोलियनच्या काळातल्या दोन प्रतिस्पर्धी हेरांची प्रेमकथा कशी रंगवावी, यावरचा लेख आवडला. पण नायिका नायकाचं पत्र मेणबत्तीवर धरून लिंबूरसातला मजकूर वाचते आणि गुपचूप जागेवर ठेवते, हे उदाहरण फसलंय. उष्णतेने तपकिरी झालेली अक्षरं पुन्हा अदृश्य होत नाहीत. म्हणजे पत्र जाळायचं, नाहीतर नव्या कागदावर त्याच्याच वळणात उतरवायचं.

लाखेची मोहोर उघडतानाही तसंच. तापवलेलं पातळ पातं लाख आणि कागद यांच्यामधून सरकवायचं. पातं जास्त तापलं तर ठसा विरतो, कागद करपतो. कमी तापलं तर लाख तडकते. खरी प्रेमकथा इथेच आहे की! तो बारीक तडा त्याला दिसावा आणि तरी त्याने अवाक्षर काढू नये.

आणि सांकेतिक लिपी एका रात्रीत फोडू नका हो. फ्रेंचांच्या ‘ग्रेट पॅरिस सायफर’ या लिपीत शब्दांऐवजी वापरायचे सुमारे १४०० अंक होते. त्यांच्याशी लढणाऱ्या ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या सैन्यातल्या जॉर्ज स्कॉव्हेलला १८१२ मध्ये त्यावर महिनोन्‌महिने डोकं खपवावं लागलं. त्याला हात दिला तो फ्रेंचांच्याच आळसाने: काही शब्द अंकांत, बाकीचे सरळ साध्या फ्रेंचमध्ये!