‘गोळी फेका, गूळ खा’ : फिरणाऱ्या मेसेजचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी गटांत एक मेसेज पुन्हापुन्हा येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चहातल्या शुगर-फ्री गोळीने कॅन्सर होतो, हे आता जागतिक आरोग्य संघटनेनेच (डब्ल्यूएचओ) सांगितलंय, तिने वजन वाढतं, रक्तातली साखरही साखरेइतकीच चढते, म्हणून मधुमेह असलेल्यांनी गोळी फेकून गुऱ्हाळाचा गूळ खावा, आणि हा सगळा आपला ऊस बुडवायचा परदेशी कंपन्यांचा डाव आहे. यात थोडं तथ्य आहे, पण जिथे आहे तिथे मेसेजचा जोर नाही. सगळ्यात ठासून दिलेला सल्ला गुळाचा आहे, आणि तोच सगळ्यात धोक्याचा. म्हणून आधी तो.

“गूळ नैसर्गिक, त्याने शुगर वाढत नाही.”

गुऱ्हाळात काय होतं ते या भागात कुणाला सांगायला नको. रस काहिलीत चढतो, भेंडीचं पाणी घालून मळी काढतात, पाणी आटतं, काकवी होते आणि पुढे गूळ. आटतं ते पाणी. रसातली साखर जागची हलत नाही. तयार गुळाच्या १०० ग्रॅममध्ये ८० ते ९० ग्रॅम साखरच असते. बहुतेक सुक्रोज, म्हणजे डब्यातल्या साखरेत असते तीच, आणि थोडं ग्लुकोज व फ्रुक्टोज. १०० ग्रॅम साखरेतून साधारण ४०० कॅलरी मिळतात, गुळातून ३८० च्या आसपास. ग्लुकोमीटरला हा फरक कळत नाही.

राहता राहिलं लोह. ते गुळात असतं हे खरं, पण चहाच्या कपात पडणाऱ्या १० ग्रॅम गुळातून जेमतेम मिलिग्रॅमभर मिळतं, तेही गूळ चांगला असेल तर. प्रौढ बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम मानली जाते, पुरुषाची १९. शिवाय चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही, म्हणजे ‘लोहासाठी गुळाचा चहा’ हा सौदाच उलटा. गुळाची गोडी थोडी कमी पडते, म्हणून हात सैल सुटतो. साखर दोन चमचे म्हणजे ८ ते १० ग्रॅम. गुळाचा खडा अंदाजाने टाकला की सहज १५ ग्रॅमचा निघतो. घरच्या वजनकाट्यावर एकदा तोलून पाहावा. पिवळाधमक गूळ चांगला हाही गैरसमजच. तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस पावडरचा, म्हणजे गूळ उजळवणाऱ्या रसायनाचा असतो.

मधुमेह नसलेल्या, शेतात राबणाऱ्या माणसाने गूळ खाऊ नये असं कुणी म्हणत नाही. प्रश्न गोळी सोडून दिवसाला चार कप गुळाचा चहा सुरू करणाऱ्या मधुमेहीचा आहे. ४० ते ६० ग्रॅम गूळ त्याच्या दिवसात नव्याने आला, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सीचा (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा) आकडा वर गेला की बोल औषधाला लागतो.

हीच चूक मिठाईच्या दुकानात होते. ‘शुगर-फ्री’ कुंद्यात वरून साखर नसेल, पण तो दूध आटवूनच होतो आणि आटलेल्या दुधात लॅक्टोज (दुधातली साखर) व स्निग्धांश भरपूर असतो. बिनगुळाचं करदंट खजुरावर उभं असतं, आणि खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर. पाकिटावर ‘नो ॲडेड शुगर’ असेल तर अर्थ इतकाच की वरून घातलेली नाही. ‘शुगर-फ्री’ लिहायला मात्र १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. साखरेऐवजी कुठला गोडवा घातलाय ते बारीक अक्षरांतल्या आकड्यांत बघावं: ९५१ म्हणजे ॲस्पार्टेम (चहाच्या गोळीतलं), ९५५ सुक्रालोज, ९५० एसेसल्फेम, ९५४ सॅकरिन, ९६० स्टीव्हिया. ९६५ दिसला तर तो माल्टिटॉल. त्याने साखर चढते, फक्त कमी. चार-पाच तुकडे एकदम खाल्ले की पोटात वायू धरतो आणि जुलाब होतात.

“डब्ल्यूएचओने ॲस्पार्टेम कॅन्सरकारक ठरवलं.”

जुलै २०२३ मध्ये संघटनेशी जोडलेल्या दोन समित्यांचे निष्कर्ष एकाच वेळी आले. मेसेजने एकच उचलला. कॅन्सरवर काम करणाऱ्या आयएआरसीने ॲस्पार्टेम ‘२बी’ गटात टाकलं: कॅन्सर होण्याची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. तंबाखू आणि दारू गट १ मध्ये, म्हणजे पुरावा पक्का. तंबाखू पिकवणाऱ्या निपाणी पट्ट्यात हे वेगळं सांगायला नको. हे गट पुरावा किती भक्कम ते सांगतात, किती खाल्ल्यावर किती धोका ते नाही.

ते सांगायचं काम दुसऱ्या समितीचं, आणि तिने जुनी मर्यादा कायम ठेवली: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला २,४०० मिलिग्रॅम. चहाच्या एका गोळीत साधारण १८ मिलिग्रॅम ॲस्पार्टेम धरलं, तर मर्यादा गाठायला १३३ गोळ्या लागतील. डाएट पेयाच्या कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम असेल, तर रोज ८ ते १२ कॅन. ॲस्पार्टेमपासून पोटात मिथेनॉल तयार होतं हे खरं, पण एका गोळीतून दोन मिलिग्रॅमच्या आतच. ग्लासभर टोमॅटोच्या रसातून त्याच्या कितीतरी पट येतं.

ॲस्पार्टेम ज्यांना खरंच वर्ज्य आहे ते म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेले रुग्ण. मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

सॅकरिनची भीती १९७० च्या दशकातल्या उंदरांवरच्या प्रयोगांतून आली. प्रचंड मात्रेमुळे त्यांच्या लघवीत खडे धरून मूत्राशयाला इजा होत होती. माणसाच्या लघवीत तसं घडत नाही. अमेरिकेने २००० साली ते कॅन्सरकारकांच्या यादीतून काढलं.

“गोळीने वजन वाढतं.”

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. मे २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने खरोखरच सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका. पण ही शिफारस आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, आणि संघटनेने ती सशर्तच ठेवली होती. कारण साधं आहे: वजन वाढलेली माणसंच गोळीकडे वळतात, त्यामुळे नुसत्या निरीक्षणात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे वेगळं काढणं अवघड. साखरेचं पेय बदलून डाएट पेय दिलं अशा चाचण्यांत वजन थोडं उतरलेलंच दिसतं. ते परत चढतं कसं, हे बघायला लांब जायला नको. चहात गोळी टाकली म्हणून माणूस सोबत दोन भजी जास्त घेतो.

मेसेजने जे लिहिलं नाही ते आम्ही लिहितो. २०२२ मध्ये १२० निरोगी लोकांवर झालेल्या एका चाचणीत दोन आठवडे सॅकरिन किंवा सुक्रालोज घेतल्यावर काहींची साखर पचवण्याची क्षमता बदललेली दिसली. २०२३ मध्ये रक्तात एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा आणखी एक गोडवा) जास्त असलेल्यांत हृदयविकाराचे झटके जास्त आढळले. मात्र एरिथ्रिटॉल शरीर स्वतःही बनवतं, त्यामुळे दोष खाल्लेल्याचाच असं अजून ठरलेलं नाही. तरी हृदयरोग असलेल्याने एरिथ्रिटॉलची पावडर चमच्याचमच्याने शिऱ्यात घालू नये, आणि लहान मुलांना यातलं काहीच लावू नये. दोन चमच्यांवरून एकावर, मग अर्ध्यावर येणं हा उपाय गोळीपेक्षा सरस. जीभ काही आठवड्यांत रुळते.

वापरायचीच तर नीट वापरावी. ॲस्पार्टेम उकळीत टाकलं की त्याची गोडी मोडते, मग माणूस दुसरी गोळी टाकतो. चहा कपात गाळल्यावरच गोळी घालावी. सुक्रालोज उकळीत टिकतं, पण तळणीत किंवा ओव्हनच्या कडक आचेवर नको.

“ऊस उत्पादकांना संपवायचा डाव.”

उसाचा दर, थकलेली बिलं, उतारा या खऱ्या तक्रारी आहेत आणि त्या कारखान्याच्या दारात मांडायच्या आहेत. मधुमेही माणसाच्या कपात त्यांचा निकाल लागत नाही.

“गोळीनेही शुगर तितकीच वाढते.”

ॲस्पार्टेम, सुक्रालोज, स्टीव्हिया यांनी नेहमीच्या मात्रेत रक्तातली साखर चढत नाही; गोळीच्या चहानंतर जी थोडी चढते ती दुधाची. हा दावा खरा मानला तर जिवावर बेतू शकतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारं औषध) घेणाऱ्याला घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळलं, मीटरवर ७० च्या खाली आकडा आला, आणि घरच्यांनी घाईत डाएट कोला किंवा गोळीचा चहा पाजला, तर साखर तसूभरही वर येणार नाही. तेव्हा खरी साखरच हवी: १५ ग्रॅम, म्हणजे तीन सपाट चमचे, अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं, आणि आकडा वर आला की पोळी-भात असं काहीतरी खायला घालायचं. पेढा किंवा कुंदा देऊ नये, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. रुग्ण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही मधुमेहाची औषधं घेत असेल तर साखर आणि गूळ दोन्ही पोटात लवकर फुटत नाहीत. अशांच्या घरी मेडिकलमधली ग्लुकोज पावडर ठेवलेली असावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नये, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.