मले, मला आणि मिर

दर्यापूरकडचे एक निवृत्त गुरुजी तीन महिने जर्मन शिकायला इकडे जर्मनीत येऊ म्हणतात, तर गावात पारावर त्यांचीच चर्चा. "साठीत भाषा डोक्यात शिरते काय? आन् आधी मराठी तं शुद्ध बोला म्हनावं!" फोनवर हे ऐकल्यापासून मी चिडलो आहे. त्याच गावात साठीतली माणसं चारधाम करतात, सरपंचपदाला उभी राहतात, तेव्हा वय कोणी काढत नाही.

तीन महिने हा हिशेब गुरुजींनी बरोबर धरला आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. तूर सोंगून, कापसाचा शेवटचा वेचा आटोपून फेब्रुवारीत निघालं, तर मृगाच्या आधी माणूस वावरात परत. त्याहून जास्त राहायचं तर भाषावर्गाचा वेगळा व्हिसा लागतो. त्यासाठी आठवड्याला किमान 18 तासांचा वर्ग आणि बंद खात्यात, म्हणजे महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, दरमहा साधारण 1,100 युरो दाखवावे लागतात. सातबारा जोडला म्हणून हे भागत नाही. जमीन कितीही असो, महिन्याचा खर्च रोकड स्वरूपात दिसला पाहिजे. व्हिसाच्या अर्जासोबतच्या पत्रात "आवड म्हणून" एवढंच लिहू नये. ही भाषा का, आताच का आणि परत कशासाठी जाणार, हे तीन मुद्दे नीट मांडावेत. आरोग्यविमा घेताना वयाची अट आणि जुन्या आजारांचं कलम आधी वाचावं. बीपी-शुगरच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणाव्यात, आणि चिठ्ठीवर कंपनीचं नाही, औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं.

भाषेची पहिली पायरी, ए1 पातळी, मात्र दिवाळीपासून घरीच उरकावी; तिच्यावर ए2, मग बी1. मुळाक्षरं गिरवायला युरो मोजू नयेत. आठवड्याला 20 तास धरले तर बारा आठवड्यांत 240 तास होतात. त्यात ए2 पदरात पडते. बी1 ला एकूण 350 ते 650 तास लागतात, तेव्हा तिची आस पहिल्याच वर्षी धरली की माणूस खचतो, आणि गावातले म्हणतात, बघा, वय झालं.

वयाचा खरा अडसर कानाचा. साठीत बारीक आवाजाची अक्षरं, स, श, फ, आधी निसटतात आणि जर्मन त्यांनीच भरलेली आहे. निघण्याआधी कान तपासून घ्यावेत, वर्गात पुढच्या बाकावर बसावं. बाकी मराठी माणसाला ही भाषा तशी परकी नाही. चोवीस म्हणताना आपण चार आधी घेतो. त्यांचंही तसंच, फिअर-उंट-त्स्वान्त्सिश, चार आणि वीस. 'त्सिमर'मधला त्स म्हणजे आपल्या चाकातला च. गौणवाक्यात क्रियापद शेवटी, तेही अंगवळणी पडलेलं. लिंगं तीनच, पण जुळत नाहीत: तिथे सूर्य बाई आहे. म्हणून शब्द पाठ करताना लिंग दाखवणारं डेअर-डी-डास सोबतच पाठ करावं, नंतर चिकटवायला गेलं की चुकतं.

शिकणं फसतं ते दुसऱ्याच कारणानं. मराठी लोकांसोबत खोली घेतली, संध्याकाळी वरण-भात आणि मराठी गप्पा, मधल्या सुट्टीत तरुण पोरांशी इंग्रजी; मग दिवसाला चार तास जर्मन, तेही पुस्तकातलं. खोली म्हाताऱ्या घरमालकिणीकडे बघावी, आणि ती इंग्रजीवर आली तरी आपण जर्मनवरच राहावं. चुकत बोलावं.

आणि चुकत बोलणंच आपल्याला जमत नाही. "शुद्ध बोला" ऐकत वाढलेली जीभ आधी वाक्य तपासते, मग तोंड उघडते. तोवर समोरचा निघून जातो. इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यानं 1999 पासून स्वतःची जाहिरात केली ती अशी: "आम्हाला सगळं येतं, प्रमाण जर्मन सोडून." महाराष्ट्रानं 2024 मध्ये मनुष्यबळासाठी करार केला तो याच राज्याशी. आपण मात्र ज्या वऱ्हाडच्या रिद्धपुरात लीळाचरित्र लिहिलं गेलं, त्याच वऱ्हाडातल्या लेकरांना 'मले' म्हटल्यावर टोकतो.

'मले'ला जर्मनमध्ये 'मिर' म्हणतात. तो शब्द मी इथे बेधडक वापरतो, कितीदा चुकीच्या जागीही. पण अमरावतीत उतरलो की 'मला' म्हणावं की 'मले', इथे माझी जीभ अडते. 'मला' म्हटलं की गावाला मी पुण्याचा वाटतो, 'मले' म्हटलं की मलाच ते उसनं वाटतं. इतक्या वर्षांनी माझी बोली कोणती, हे मला सांगता येत नाही.

मराठी माणसांत राहू नका, असं वर लिहिलं आहे आणि ते खरंच आहे. तरी गुरुजी, रविवारी दोन तास माझ्याकडे या. ज्वारीचं पीठ आणा, आणि माझ्याशी मले-तुलेच बोला.