झेड नाईननंतर काय? नळस्टॉपच्या कट्ट्यावरचा वाद

निकॉनच्या झेड नाईन या कॅमेऱ्याचा वारसदार येणार अशी कुजबुज झाली की आमचा कट्टा पेटतो. झेड नाईन आली ऑक्टोबर २०२१ मध्ये. आता नवा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, हवाच, यावर सगळ्यांचं एकमत. पण कोणता, इथे चहा गार होतो.

रोहन लग्नाची कामं करतो. तो म्हणाला, "ग्लोबल शटरच येणार, लिहून घे. सोनीने ए नाईन थ्रीमध्ये २०२३ लाच करून दाखवलं ना! अख्खी फ्रेम एकाच क्षणी टिपली जाते. फ्लॅश १/८०००० सेकंदाच्या शटरलाही सिंक होतो, म्हणजे जुळून उडतो. भर दुपारचं प्री-वेडिंग, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं, वर फ्लॅश. अजून काय पाहिजे?"

"आयएसओ पाहिजे," निखिल उसळला. हा ट्रायपॉड घेऊन सह्याद्रीत फिरणारा. आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता; आकडा जितका खाली, तितका फोटो स्वच्छ. "झेड नाईन ६४ पासून सुरू होतो, ए नाईन थ्री २५० पासून. जवळजवळ दोन स्टॉप गेले, म्हणजे दोनदा दुप्पट, रोहन! ग्लोबल शटरमध्ये टिपलेला चार्ज (प्रकाशाचा विद्युतभार) वाचेपर्यंत जपून ठेवायला प्रत्येक पिक्सेलमध्ये जागा द्यावी लागते. मग प्रकाश मावणार कुठे?"

रोहनने मोबाईल पुढे केला. विसर्जन मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक, जुन्या बॉडीवर (कॅमेऱ्यावर) सायलेंट, म्हणजे पडदा न हलवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेलं. ढोलावर पडणारं टिपरू धनुष्यासारखं वाकलेलं. पुढचा फोटो कार्यालयातला: एलईडी दिव्यांमुळे नवरीच्या शालूवर आडवे काळे पट्टे. "हे गिऱ्हाइकाला दाखवू?"

त्रास खरा आहे, पण त्यावर ग्लोबल शटर हा एकच उपाय नाही. साधा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो; तेवढ्यात टिपरू हलतं, दिवे लुकलुकतात, म्हणून हे घडतं. सोनी ए सेव्हन फोर या कॅमेऱ्याला त्यासाठी साधारण १/१५ सेकंद लागतो, झेड नाईनच्या स्टॅक्ड सेन्सरला (पिक्सेलखाली वेगवान सर्किटचा थर असलेल्या) सुमारे १/२७०. म्हणून तर झेड नाईनमध्ये मेकॅनिकल शटर ठेवलंच नाही. टिपरू तिथे सरळच दिसतं, पट्टेही बरेच आटोक्यात येतात.

सचिनदादांनी मेगापिक्सेल वाढतील का विचारलं. ४५ पुरेत, त्यावर कोणी वेळ घालवला नाही.

माझा अंदाज असा: मधल्या किमतीत अंशतः स्टॅक्डच चालणार, म्हणजे वेगवान सर्किट फक्त काही भागात. निकॉनने २०२४ च्या झेड सिक्स थ्रीमध्ये तेच केलं, सोनीने ए सेव्हन फाइव्हमध्ये. झेड सिक्स थ्रीत फोटोतला काळोखा भाग नंतर उजळला की नॉइज (दाणेदारपणा) जरा जास्त दिसतो, तेवढी किंमत मोजावी लागली. वरच्या बॉडीत मात्र पूर्ण स्टॅक्ड, आणखी वेगवान, आणि आयएसओ ६४ कायम. निकॉनने असंच करावं, हा माझा आग्रहही आहे.

"आणि फ्लॅश?" रोहनने सोडलं नाही. "तुमचा झेड नाईन फ्लॅशसाठी १/२५० सेकंदालाच अडतो. त्याहून वेगाला चालणारा हाय-स्पीड सिंक लावला की फ्लॅशचा दम जातो. त्याचं बोल."

या मुद्द्यावर रोहन बरोबर आहे, स्टॅक्ड सेन्सर कितीही पळाला तरी. पण त्यासाठी ६४ सोडायला मी तयार नाही, आणि निखिल तर नाहीच नाही.